मन निराळे की शरीर निराळे?

(कात्रज येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय पोथीतला वाटेल. पण तो आपल्या घरातला आहे. मन आणि शरीर या दोन निराळ्या वस्तू आहेत काय? या प्रश्नाचे जे उत्तर आपण मनात धरून चालतो, त्यावरून घरातील दुखणाईत माणसास दवाखान्यात न्यावयाचे की देवऋष्याकडे, हे ठरते.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1641 साली असे प्रतिपादन केले की, मन विचार करते पण जागा व्यापत नाही. शरीर जागा व्यापते पण विचार करीत नाही. सबब ही दोन स्वतंत्र द्रव्ये होत. दोनच वर्षांनी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्यास पत्र लिहून विचारले की, असे असेल तर ज्यास आकार नाही ते मन या देहाला हलविते कसे? आम्हा वकिलांच्या भाषेत ही उलटतपासणी होती, आणि तिचे समाधानकारक उत्तर देकार्तला देता आले नाही.

आपल्या देशात हा वाद त्याच्या दोन हजार वर्षे आधीच चालू होता. जीव तोच शरीर, की जीव निराळा व शरीर निराळे, असे मालुंक्यपुत्ताने भगवान बुद्धांना विचारले. बुद्धांनी कोणताच पक्ष घेतला नाही. विषारी बाण लागलेला मनुष्य, बाण मारणाऱ्याचे नाव, गोत्र व वर्ण कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही असे म्हणेल, तर त्या आधीच तो मरेल, हा दृष्टांत त्यांनी दिला. आधी दुःख दूर करा, हा त्याचा आशय.

परंतु मनाविषयी धम्म मुका नाही. सारिपुत्तांनी बोरूच्या दोन मोळ्यांची उपमा दिली आहे. त्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. एक काढली की दुसरी पडते. विज्ञान, म्हणजे जाणीव, आणि देहासह असलेले नामरूप यांचे नाते असे आहे. देहात शिरून बसलेला अमर आत्मा येथे नाही, आणि मनुष्य म्हणजे नुसते हाडामांसाचे यंत्र, असेही नाही. पूज्य बाबासाहेबांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही आत्म्याला स्थान नाही. 1956 साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान वर्ज्य आहे, ते याच विचाराला धरून.

आत्मा निराळा मानणाऱ्यांनी काय केले ते आठवा. सर्वांच्या ठायी आत्मा एकच, असे त्यांनी सांगितले. आणि त्याच तोंडाने आपल्या हाताने पाणी विटाळते, असेही सांगितले. समता आत्म्याला दिली, विटाळ शरीराला दिला. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कारण तहान आत्म्याला लागत नाही.

आपल्या कात्रजचेच उदाहरण घ्या. अठराव्या शतकात पेशव्यांनी येथील तलावाचे पाणी दगडी भुयारी नळाने शहरातील हौदांत नेले. हौद आटला तर शहाणा मनुष्य हौदाला नारळ फोडत नाही. नळ कोठे तुंबला ते पाहतो. मनाचेही तसेच. झोप, अन्न, बाळंतपण, दारू, कर्ज, अपमान, ही सर्व त्या न दिसणाऱ्या नळातून मनापर्यंत पोहोचतात.

म्हणून दोन चुका टाळा. सून गप्प झाली, रात्र रात्र जागू लागली, की ‘बाहेरची बाधा’ म्हणू नका. आणि रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही म्हणून ‘ढोंग करते’ असेही म्हणू नका. पहिली चूक मनाला देहापासून तोडते. दुसरी मनाला नाकारते.

कायदा आज आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे आहेत; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीचा आहे आणि विमा कंपनीसही तो तसाच मानावा लागतो. सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास ते मोफत आहेत. पुण्यात येरवड्याला सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि 14416 या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळतो.

हे हक्क कागदावर राहू देऊ नका. घरात कोणी मनाने खचले, तर दोष कोणाचा हा पंचनामा नंतर करा. आधी बाण काढा.

जय भीम.