दवाखान्याची पायरी आणि आपला हक्क

(बुद्ध विहारातील सभेत नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षा घेतल्यावर घरातील देव्हारा काढून टाकणे त्या मानाने सोपे असते. मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली भीती काढून टाकणे तितके सोपे नसते. देवाची भीती गेली तरी कचेरीची राहते, साहेबाची राहते आणि सरकारी दवाखान्याच्या पायरीचीही राहते. आज मी आपणांशी त्या पायरीविषयी बोलणार आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती मूळ १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाली होती. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांतच तिला आजाराने गाठले. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकावयास तयार नव्हता. गावातील वजनदार मंडळींनी रदबदली केल्यावर तो आला, परंतु बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीच्या हाती दिला आणि पतीने पत्नीला लावला. त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने रोग्याला स्पर्शही केला नाही. ती बाई दगावली.

त्या घटनेला आता नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. त्या शिक्षकापाशी विनवणीखेरीज दुसरे साधन नव्हते. आपणांपाशी कायदा आहे. तो काय म्हणतो, हे प्रथम समजून घ्या.

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९५५ साली जो कायदा झाला, तो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला रुग्णालयात, दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास अडथळा करणे हा त्या कायद्याखालीही गुन्हा ठरला.

येथे नवदीक्षित बांधव मला हमखास एक प्रश्न विचारतात : “वकीलसाहेब, आम्ही आता बौद्ध झालो. मग हे संरक्षण आम्हांस राहिले काय?” उत्तर स्पष्ट आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध धम्मात आलेल्यांचा त्यात समावेश झाला. तेव्हा धर्म सांगताना अडखळू नका. ‘बौद्ध’ म्हणून ताठ मानेने सांगा. हक्क जात नाही.

आता दवाखान्याकडे वळू. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासनाचा मानदंड आहे. त्याच्या हाताखाली अनुक्रमे ५,००० व ३,००० वस्तीस एक उपकेंद्र आणि साधारणतः १,००० वस्तीस एक आशाताई. म्हणजे दवाखाना हा केवळ तालुका-रस्त्यावरचा पिवळा बंगला नव्हे. त्याचा एक हात आपल्या दारापर्यंत पोहोचावा, अशीच ही रचना आहे. तो हात गावठाणापर्यंत येऊन आपल्या वस्तीच्या तोंडाशी थांबत असेल, तर त्याविषयी विचारणे हा उद्धटपणा होत नाही.

तेथे काय मिळते? बालकांच्या लसी, गरोदर स्त्रियांची तपासणी व प्रसूती, क्षयाच्या थुंकीची तपासणी व औषध, रक्तदाब व मधुमेहाची चाचणी, कुत्रा चावल्यावरची लस. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. बाळंतिणीसाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. प्रसूती, शस्त्रक्रिया लागल्यास ती, औषधे, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन, हे सर्व त्यात विनामूल्य आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाची बाजू मांडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी ही सोय दान समजून घेऊ नये.

विदर्भातील बांधवांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. पती आणि पत्नी दोघेही त्याचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. विवाहापूर्वी गुण जुळवण्याचे आपण सोडले, हे उत्तम झाले. आता रक्त तपासून घेण्याचे धरा.

आणि भगिनींनो, विंचू वा साप चावला असता मांत्रिकाकडे धावण्याची सवय अद्याप सुटलेली नाही. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये अपराध आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तर त्यास मुळीच थारा नसावा. १०८ क्रमांकास दूरध्वनी करा आणि रोग्याला दवाखान्यात न्या.

आता माझ्या अनुभवातील एक हकीकत. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, म्हणून तिला दवाखान्यात नेले. “डॉक्टर नाहीत, तालुक्याला जा,” असे सांगून दारातूनच परत पाठवले. वाटेत बाळ गेले. ते मला म्हणाले, “बाबा, खटला भरा.” मी विचारले, “तारीख कोणती? किती वाजले होते? कोण बोलले? केसपेपर कोठे आहे?” एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. चार महिने उलटले होते. आत घेतलेच नव्हते, तर केसपेपर कोठून असणार? हे जातीमुळे घडले की निव्वळ बेफिकिरीमुळे, ते मला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. ते गृहस्थ हात जोडून निघून गेले. ते जोडलेले हात मी विसरू शकलेलो नाही.

त्यांना मी जे वेळेवर सांगू शकलो नाही, ते आपणांस आज सांगतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका खटल्यात निर्णय दिला. रेल्वेतून पडून डोक्यास जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. न्यायालयाने म्हटले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि त्याला २५,००० रुपयांची भरपाई देवविली. तेथे जातीचा पुरावा लागला नाही. परत पाठवल्याचा पुरावा लागला. म्हणून केसपेपर मागून घ्या व जपून ठेवा. नाकारले तर तारीख, वेळ व बोलणाऱ्याचे पद तेथेच लिहा. पुढच्या दवाखान्यास पाठवीत असतील, तर चिठ्ठी व वाहन मागा. दुसऱ्या दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. अस्पृश्यतेचा वा अत्याचाराचा प्रकार असेल, तर पोलीस ठाण्यात जा. आवाज चढवण्याचे कारण नाही. शिवी दिली की आपलाच अर्ज दुबळा होतो.

शेवटी एक विनंती. अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्षूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि रोग्याची सेवा ही माझीच सेवा, असे संघाला बजावले. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात सम्राट अशोकाने माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची नोंद कोरून ठेवली आहे. हा आपला वारसा आहे. तेव्हा प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीत गरोदर कोण, लस कोणाची राहिली, औषध कोणाचे सुटले, हे तीत दर रविवारी लिहा. रात्री-अपरात्री रोग्याबरोबर जाण्यास दोन शिकलेले तरुण नेमून ठेवा. शेजारच्या वस्तीतील परजातीचा रोगी आला, तर त्याच्याबरोबरही त्यांनी जावे.

त्या वृद्ध गृहस्थाबरोबर त्या रात्री लिहिता येणारा एक जरी तरुण असता, तर दार कदाचित उघडले असते. आपल्या वस्तीतून यापुढे कोणीही एकटा दवाखान्याची पायरी चढणार नाही, एवढा निश्चय करून आज येथून उठू या.

जय भीम!