मोजमाप आणि अहवाल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचे आमंत्रण दिले, तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले. पस्तीस वर्षे यंत्रांच्या सहवासात घालविलेल्या माणसाने साहित्यावर किंवा अध्यात्मावर बोलणे शोभणार नाही. म्हणून माझ्या व्यवसायातलाच एक प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आज रेल्वेत, वीज कंपन्यांत, औषधांच्या कारखान्यांत आणि बँकांच्या संगणक विभागांत इंजिनिअर म्हणून काम करीत आहेत. काही वडीलधारी मंडळी संचालक मंडळांवरही बसली आहेत. जेथे चूक झाली असता परक्या माणसाचा जीव किंवा ठेव जाते आणि म्हणून जेथे सरकारी निरीक्षकाची नजर असते, अशा या धंद्यांत इंजिनिअरच्या कामाचे माप कसे घ्यावे आणि ते संचालकांपुढे कसे मांडावे, हा तो प्रश्न होय.

प्रश्न वाटतो तितका परका नाही. पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे घर शाकारण्याची चाल होती. गडी छपरावर चढून कौले परतीत असे. त्याच्या कामाचे माप घरमालकाने कशावरून घ्यावे? दिवसात किती कौले हलविली, यावरून घेतले तर चलाख गडी धडकी कौलेही हलवील आणि कुजलेला वासा पाहून न पाहिल्यासारखे करील. खरे माप मृगाच्या पहिल्या सरीला कळते. परंतु मजुरी तर वैशाखातच चुकती झालेली असते! काम आज, पैसा आज आणि परीक्षा मात्र उद्या, ही सर्व देखभालीच्या कामांची अडचण आहे.

१९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली, तेव्हापासून ‘उत्पादकता’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. घातलेले श्रम व पैसा आणि त्यांतून निघालेले फळ यांचे प्रमाण, हा त्याचा सरळ अर्थ. जेथे फळ डोळ्यांना दिसते तेथे हे प्रमाण उत्तम काम देते. त्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. त्याच्या भांडवलात स्थापनेच्या वेळी रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. म्हणजे मंडळापुढे जो अहवाल जाई, तो केंद्र आणि चार राज्ये यांच्या पैशाचा हिशेब असे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. त्यांतच आपल्या शेजारचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल. श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. पुढे दिल्ली मेट्रोच्या कामावर त्यांनी उरलेले दिवस दाखविणारी उलटी घड्याळे लावली, हे सर्वश्रुत आहे. किती मीटर बोगदा खणला, किती खांब उभे राहिले, किती दिवस उरले, ही मापे उभारणीच्या कामाला योग्यच होती. त्यांच्यामुळे पिढ्यान् पिढ्या मागितलेली गाडी आपल्याला मिळाली.

परंतु याच कामात या मापाची मर्यादाही दिसून आली. करबुड्याचा कातळ सुरुंगाला वश झाला. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मात्र कातळ नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावे आणि ढासळावे, असा तो प्रकार. दीड किलोमीटरच्या त्या बोगद्याने अखेरपर्यंत सर्वांना अडवून धरले आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. ‘या महिन्यात किती मीटर?’ एवढाच प्रश्न मंडळाने विचारला असता, तर करबुड्याचे लोक कर्तबगार आणि पेडण्याचे लोक आळशी ठरले असते. माती कोणती, हे विचारल्याशिवाय मीटरला अर्थ नाही.

आणि पुरे झाले म्हणून ज्याची नोंद झाली, ते तरी खरोखर पुरे होते काय? ऑगस्ट २०२० मध्ये त्याच पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळून वाहतूक वळवावी लागली. जुलै २०२४ मध्ये तेथे पाणी उसळून गाड्या रद्द झाल्या. उलटे घड्याळ शून्यावर आले, त्याच क्षणी दुसरे घड्याळ सुरू झाले होते. त्याला मात्र शून्य नाही.

या दुसऱ्या घड्याळाची किंमत कोकणाने मोजली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कडा रुळांवर आला आणि कारवारहून मुंबईला निघालेल्या गाडीतील पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्यू पावले. एक वर्ष होते न होते तोच, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीच्या दगडांवर आदळून आणखी जीव गेले. त्यानंतरच्या वर्षांत डोंगरांचे उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, रात्रंदिवस गस्त घालणे, पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक पाळणे आणि मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर आणणे, अशी कामे पद्धतशीर झाली. रत्नागिरीसह नऊ स्थानकांवर पर्जन्यमापके आहेत. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती येथील पुलांवर वारा मोजला जातो.

आता या कामांची उत्पादकता काढा पाहू! गस्तवाला रात्रभर दहा वेळा चालला आणि काही घडले नाही. त्याचे फळ काय? १४ जुलै २०२४ रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आली. गाड्या दिवसभर खोळंबल्या, प्रवाशांचे हाल झाले. परंतु कोणाचा बळी गेला नाही. खोळंब्याचे तास अहवालात तोट्याच्या रकान्यात पडतात. न गेलेल्या जिवांना रकाना नसतो.

रेल्वेच्या कायद्याने या बाबतीत एक शहाणपणाची व्यवस्था केली आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्ताने पाहणी करून अहवाल दिल्यावाचून नव्या मार्गावर प्रवासी गाडी सुरू करता येत नाही. आणि हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. १९४१ सालीच त्याचे खाते रेल्वे मंडळापासून वेगळे केले गेले. आज तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. काम करणारा आणि काम तपासणारा यांचे धनी वेगळे असावेत, हे त्यातील तत्त्व. तरीही अनेक संचालक मंडळांत तपासणीत गेलेला वेळ हा वाया गेलेला वेळ समजला जातो. माझे म्हणणे असे की, परीक्षेवाचून पुरे झालेले काम हे पुरे झालेले कामच नव्हे. म्हणून चाचणीचे आणि नोंदींचे तास कामाच्या तासांतच धरले पाहिजेत.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? अधिकाराने नव्हे, एका चुकीच्या आठवणीने. मी ज्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होतो, त्याचे नाव येथे सांगत नाही. संचालकांना दर तिमाहीस दुरुस्तीच्या किती चिठ्ठ्या निकाली निघाल्या, याचा आलेख हवा असे. तो आलेख मीच तयार करीत असे आणि तो चढता असल्याचा मला अभिमान होता. हळूहळू माझ्या लोकांनी एका चिठ्ठीच्या तीन केल्या. दिवे बदलण्याच्या चिठ्ठ्या सकाळीच निकालात निघू लागल्या. बॉयलरच्या एका सुरक्षा झडपेची चिठ्ठी मात्र बॉयलर थंड करावा लागणार म्हणून गठ्ठ्याच्या तळाशी गेली. एका पहाटे दाब तांबड्या रेषेवर गेला. ती झडप उठली नाही. दुसरी उठली, आणि पाळीवरच्या बॉयलर अटेंडंटने तत्काळ ज्वाला बंद केली. कोणाला ओरखडाही उठला नाही. उत्पादन तासभरच थांबले.

त्या तिमाहीचा आलेख नेहमीपेक्षा उंच होता. संचालकांनी माझे अभिनंदन केले. त्या पहाटेविषयी कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मनाला समजावून घरी आलो. ज्या माणसाने त्या दिवशी आम्हां सर्वांना वाचविले, त्याच्या नावाची एक ओळही कोठे लिहिली गेली नाही. संचालकांनी चुकीचे माप मागितले हे खरे. पण ते चुकीचे आहे हे ठाऊक असलेला त्या खोलीतला एकटा माणूस मी होतो. ही बोच अद्याप गेलेली नाही.

त्या अनुभवातून चार गोष्टी शिकलो. पहिली, किती काम झाले याच्या शेजारी सुरक्षिततेचे कोणते काम किती दिवस पडून आहे, हे लिहावे. दुसरी, थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद मंडळापुढे यावी आणि ती आणणाऱ्यास शिक्षा होऊ नये. असे आकडे प्रथम वाढले तर ते विश्वासाचे लक्षण मानावे. तिसरी, ज्याची बढती आकड्यावर अवलंबून आहे त्यानेच तो आकडा मोजू नये. चौथी, एका माणसाची दुसऱ्याशी तुलना मंडळापुढे नेऊ नये. एका पथकाची त्याच्याच मागील वर्षाशी करावी, आणि माती बदलली असल्यास तेही सांगावे. या सर्वांपलीकडे, संचालकाने वर्षातून एकदा तरी भर पावसात जागेवर जावे. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या, हे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. गळणारे पाणी प्रथम धरणाखालच्या माणसाला दिसते. त्याचा शब्द वरच्या खोलीपर्यंत पोहोचेल अशी वाट अहवालात असली पाहिजे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही.

जाता जाता एक घरची गोष्ट. आपल्या मंडळाच्या अहवालात वाटलेल्या शिष्यवृत्त्यांची संख्या दरवर्षी छापली जाते आणि आपण टाळ्या वाजवितो. त्या विद्यार्थ्यांपैकी कितींनी शिक्षण पुरे केले, किती मध्येच थांबले आणि का थांबले, ही ओळ त्यात नसते. ती ओळ पुढील वर्षापासून घालावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. आकडा कदाचित लहान दिसेल. पण थांबलेल्या एखाद्या मुलाच्या घरी आपल्यापैकी कोणी तरी जाऊन येईल. अहवाल त्यासाठीच असतो.