‘शपथविधी’ : शब्द आणि व्यवहार



आदिलाबाद जिल्ह्यात मराठी व तेलुगू या भाषा शेजारी नांदतात. नवा सरपंच शपथ घेतो, त्या समारंभास तेलुगूत ‘प्रमाण स्वीकारम्’ म्हणतात, मराठीत ‘शपथविधी’. ‘प्रमाण’ हा संस्कृत शब्द तेलुगूत शपथेच्या अर्थाने रूढ आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ पुरावा अथवा माप. म्हणून ‘सरपंचांनी प्रमाण स्वीकारले’ असे मराठी कागदावर लिहू नये. ‘शपथ घेतली’ असेच लिहावे.

राजेशाहीत अशा समारंभाचे नाव ‘अभिषेक’, म्हणजे जलसिंचन. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. लोकशाहीत जलाची जागा शब्दाने घेतली. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, न्यायाधीश आदींच्या शपथांचे नमुने आहेत. ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

‘पदभार स्वीकारणे’ ही याहून निराळी गोष्ट. बदलून आलेले मुख्याध्यापक दप्तर, रोकड व किल्ल्या मोजून घेतात, तो पदभार. त्यास शपथविधी म्हणणे योग्य नव्हे. पदभारात वस्तू ताब्यात येतात. शपथेत मनुष्य स्वतःलाच बांधून घेतो.

तेव्हा शपथविधीस जमलेल्या ग्रामस्थांनी हारतुऱ्यांपेक्षा त्या शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे. शपथ ज्यांच्यासमक्ष घेतली जाते, ते तिचे साक्षीदार असतात. आणि पुढे जाब विचारण्याचा अधिकार साक्षीदारालाच शोभतो.