थांबलेलें औषध, परतलेलें दुखणें

अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें २१ सप्टेंबर १९४८ रोजीं, संधिवातानें जखडलेल्या एका तरुण स्त्रीस पुढें कॉर्टिझोन म्हणून गाजलेल्या स्टेरॉइडचें पहिलें इंजेक्शन मिळालें. आठवड्यानें ती चक्क बाजारहाट करून आली! १९५० सालीं डॉ. हेंच प्रभृतींस नोबेल पारितोषिकहि लाभलें. परंतु औषध थांबवितांच अशा रुग्णांचे सांधे पुन्हां सुजत. दुखणें दबलें होतें, गेलें नव्हतें.

शिवाय, दीर्घकाळ आयता पुरवठा झाल्यानें मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथि सुस्तावतात. त्यांस जाग येण्यास कधीं महिनेहि लागतात. म्हणूनच मात्रा पायरीपायरीनें उतरवावयाची. त्या उतरणींत अंग ठणकलें, कीं मूळ व्याधीच उलटली असें मात्र नव्हे. सांधा सुजून ऊन लागणें, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणें, या तिच्या खुणा होत. त्या तारखेनिशीं टिपून डॉक्टरांस दाखवाव्या. एखादी पायरी वर चढून मग अधिक सावकाश उतरावयाचें कीं दुसरें औषध जोडावयाचें, हें त्यांनीं ठरवावें. कपाटांतील उरलेल्या गोळ्यांवर घरगुती हिकमती नकोत.

वांत्या, घेरी, कमालीची ग्लानि दिसल्यास मात्र सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, व रुग्ण स्टेरॉइड घेत होता हें दारांतच सांगावें.