रक्तपेशींचा नांगर आणि प्रतिपिंडांची साक्ष



कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. दसरा सरला की या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. कष्टकऱ्याला थकवा आला तर तो श्रमाचा आणि लघवी गडद झाली तर 'उन्हाळी लागली', अशी समजूत होते. पुष्कळदा ती खरीही असते. क्वचित मात्र दोष रक्तात असतो.

तांबड्या पेशींवर सीडी-५५ व सीडी-५९ ही रक्षक प्रथिने असतात. नांगरलेल्या नावेप्रमाणे ती जीपीआय नावाच्या स्निग्ध दुव्याने पेशीच्या आवरणास जखडलेली असतात. हा दुवा घडविण्यास 'पिग-ए' हे प्रथिन लागते. अस्थिमज्जेतील एखाद्या मूळ पेशीत त्याचे जनुक बिघडले, तर तिच्यापासून निपजणाऱ्या पेशी रक्षकांवाचून राहतात आणि शरीराचीच संरक्षक यंत्रणा त्यांना फोडते. रक्तक्षय, विशेषतः सकाळी गडद लघवी आणि रक्तवाहिन्यांत गुठळ्या ही त्याची लक्षणे होत. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया असे या विकाराचे नाव. त्याचे जनुकीय मूळ १९९३ मध्ये उलगडले. तो आनुवंशिक नाही, संसर्गजन्यही नाही. म्हणून रुग्णाच्या घराण्याला बोल लावणे सर्वथा अनुचित होय.

निदानाची किल्ली प्रतिपिंडांत आहे. एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत निर्माण करण्याची रीत कोलर व मिलस्टीन यांनी १९७५ साली सिद्ध केली. अशा प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून ती रक्तात मिसळतात आणि पेशी एकेक करून लेसर किरणांपुढून नेतात. रक्षक प्रथिन असेल तेथे चमक दिसते. या दोन्ही प्रथिनांची चमक नसलेल्या पेशी आढळल्या, तर नांगर तुटल्याचा संशय बळावतो.

प्रतिपिंडांकडून रक्ताची ओळख पटविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध याच मार्गाने लावला. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. त्यातूनच आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था उभी राहिली.

ही तपासणी गावात होणे शक्य नाही. नमुना ताजा असतानाच मोठ्या प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ते आष्टी ही रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाल्याने कड्याचा रस्ता थोडा जवळ आला आहे. परंतु पहिले पाऊल गावातच पडावयाचे आहे. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, लघवी वारंवार काळसर होत असेल, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्राकडे धाडावे. प्रयोगशाळेतील प्रतिपिंड कितीही अचूक असले, तरी रुग्ण तेथवर पोहोचल्यावाचून ते साक्ष देऊ शकत नाही.