सभेच्या आधीची चिठ्ठी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतील जीवन' हा विषय दिला होता. त्यावर बोलणारं आपल्या प्रत्येक मेळाव्यात कोणी ना कोणी असतंच. तिथले रस्ते, बर्फ आणि मॉल तर तुम्ही सगळे घरबसल्या मोबाइलवर पाहता. म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. गेली अकरा वर्षं मी एक फुकटचा उद्योग करतो, त्याबद्दल बोलणार आहे. आमच्या शहराच्या आणि काउंटीच्या सभेत काय ठरणार आहे, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सभा होण्याआधी कळवायचं, एवढाच तो उद्योग. आमच्या घरात त्याला 'दवंडी' म्हणतात.

मी राहतो कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. या काउंटीत १५ शहरं, वस्ती एकोणीस लाखांच्या वर, आणि कारभार पाहायला लोकांनी निवडून दिलेले फक्त पाच सुपरवायझर. सुपरवायझर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे सर येतात. तिथे तो चांगलाच वजनदार लोकप्रतिनिधी असतो. सरकारी दवाखाने, तुरुंग, मालमत्तेची आकारणी, मतदारयाद्या हे काउंटीकडे. रस्ते, सांडपाणी, पोलीस, बागा, कुठे किती मजले बांधू द्यायचे, हे शहराच्या सिटी कौन्सिलकडे. कशासाठी कोणाच्या दारात जायचं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. तिथे जन्मलेल्यांनाही नसतं, आपण तर उपरे.

कायदा मात्र भक्कम आहे. १९५२ साली 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या वर्तमानपत्राने दहा लेखांची मालिका छापली होती. स्थानिक संस्था लोकांच्या नकळत, बंद दाराआड कसे निर्णय घेतात, हा तिचा विषय. त्यावरून राल्फ ब्राउन नावाच्या आमदारांनी विधेयक आणलं आणि १९५३ मध्ये त्याचा कायदा झाला. 'ब्राउन ॲक्ट' म्हणून तो ओळखला जातो. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावलीच पाहिजे. विशेष सभा असेल तर २४ तास. सदस्यांच्या बहुमताने परस्पर, फोनाफोनी करूनसुद्धा, सभेचा विषय आपसात ठरवायचा नाही. सभेत कोणालाही बोलू द्यायचं.

आणि विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा नाही. आपल्या नगरपालिकांत 'ऐनवेळचे विषय' म्हणून एक प्रकार असतो, तो इथे बसलेल्या निदान दोघांना तरी चांगलाच परिचयाचा आहे. (हसू नका, त्यातले एक पहिल्या रांगेत आहेत.) तिथे तशी पळवाट अगदी अरुंद ठेवली आहे. पत्रिका लावल्यानंतर तातडीचं काही उद्भवलं, तर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी आधी ते तातडीचं आहे असं ठरवावं लागतं.

मग अडतं कुठे? पत्रिका लावलेली असते, पण ती वाचणार कोण? जोडपत्रं धरून तीनशे-चारशे पानं होतात, आणि भाषा वकिलांची. त्यात 'कन्सेंट कॅलेंडर' नावाचा एक भाग असतो. वादाचे नाहीत असं मानलेले दहा-वीस विषय एकगठ्ठा, एकाच मतदानात मंजूर करायचे. कोणी हरकत घेतली तर एखादा विषय बाजूला काढता येतो, पण हरकत घ्यायला तो काय आहे ते आधी कळायला हवं. पूर्वी हे काम गावोगावच्या वर्तमानपत्रांचा वार्ताहर करायचा. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. सभागृहात मागच्या बाकावर वही घेऊन बसणारा माणूसच उरला नाही.

तो नसला की काय होतं, याचं उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या बेल या गावाचं आहे. वस्ती साधारण ३५ हजार, बहुतेक कष्टकरी. २००५ साली तिथे एक विशेष मतदान झालं. गावाला स्वतःची सनद द्यायची की नाही, असा वरवर कंटाळवाणा प्रश्न. अख्ख्या गावातून चारशेपेक्षा कमी मतं पडली. त्या सनदेमुळे नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा सुटली. पुढे २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या बातमीदारांनी शोधून काढलं, की गावचे व्यवस्थापक रॉबर्ट रिझो यांचा पगार वर्षाला ७ लाख ८७ हजार डॉलर झाला आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट! बहुतेक नगरसेवक अर्धवेळ कामाचे वर्षाला लाखभर डॉलर घेत होते. रिझो यांना पुढे १२ वर्षांची शिक्षा झाली आणि त्या वृत्तमालिकेला पुलित्झर मिळालं. पण मधली पाच वर्षं त्या गरीब गावाने कर भरले, ते भरलेच.

बेलची ती बातमी वाचली तेव्हा मी ग्रीन कार्डाच्या रांगेत होतो. मत द्यायचा अधिकार नव्हता. आपले बरेच लोक त्या काळात 'आपल्याला काय करायचंय' असं म्हणून घरी बसतात. मीही सभेला प्रथम गेलो तो नुसता पाहायला. तिथे कळलं, की माईकपुढे उभं राहायला नागरिकत्व लागत नाही. आत शिरायला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

तर माझी चिठ्ठी. सभा मंगळवारी संध्याकाळी सातला. मी शुक्रवारी रात्री पत्रिका वाचतो आणि शनिवारी सकाळी एक पान लिहितो. दहा-बारा ओळी, जास्त नाही. विषयाचा क्रमांक, साध्या भाषेत तो काय आहे, पैसे किती, कोणत्या रस्त्यावरच्या लोकांना लागू, आणि किती वाजता पुकारला जाईल याचा अंदाज. हा अंदाज सगळ्यांत मोलाचा. लहान मुलं असलेल्या बाईला सातला बोलावून साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवलं, तर ती पुन्हा येणार नाही. चिठ्ठी ग्रंथालयाच्या फलकावर लागते आणि अपार्टमेंटच्या कपडे धुण्याच्या खोल्यांत लागते. मशीन थांबेपर्यंत तिथे माणसाला वाचायला दुसरं काही नसतं. शेजारच्या एक व्हिएतनामी बाई त्यांच्या भाषेत उतरवतात, एक तरुण स्पॅनिशमध्ये. बुधवारी दुसरी, छोटी चिठ्ठी: काय ठरलं, कोणी कुठल्या बाजूने मत दिलं. स्वतःचं मत मी लिहीत नाही. ते पथ्य पाळायला जड जातं, विशेषतः निवडणुकीच्या वर्षात. पण एकदा का चिठ्ठीला बाजूचा वास आला, की निम्मे लोक ती वाचणं सोडतील.

एकदा कन्सेंट कॅलेंडरमध्ये एक साधा विषय होता, 'कंत्राटाचं नूतनीकरण'. शाळांजवळ लाल पाटी हातात धरून मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसं असतात, त्यांचं कंत्राट. जोडपत्रातला तक्ता मागच्या वर्षीच्या तक्त्याशेजारी ठेवला, तर दोन चौक गायब. शीर्षकात त्याचा मागमूस नव्हता. मी चिठ्ठीत एवढंच लिहिलं, की या दोन चौकांत ऑगस्टपासून माणूस नसेल. मंगळवारी वीस-बावीस लोक आले. एका सदस्याने विषय बाजूला काढला. बोलणाऱ्यांत साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, रोज नातवाला शाळेत सोडणाऱ्या. त्या मराठीत बोलल्या आणि सुनेने इंग्रजीत सांगितलं. प्रत्येकाला दोन मिनिटं होती, पण दुभाषा असेल तर दुप्पट वेळ द्यावा लागतो, असाही नियम आहे. आजींनी चारही मिनिटं वापरली. कोपऱ्यावर वळणाऱ्या गाड्या कुठून येतात, ते त्यांनी हातवाऱ्यांनी दाखवलं.

निकाल अर्धाच लागला. एक चौक परत मिळाला. दुसऱ्या चौकातून फारच कमी मुलं जातात, असे आकडे कर्मचाऱ्यांनी दाखवले आणि तिथला माणूस गेला. तिथले आईवडील नाराज झाले. पण आकडे त्यांच्यासमोर मांडावे लागले, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. एरवी ऑगस्टमध्ये मुलगा एकटा रस्ता ओलांडताना दिसला असता, तेव्हाच कळलं असतं.

सांडपाण्याच्या दराचं प्रकरण याहून वेगळं. कॅलिफोर्नियात १९९६ च्या सार्वमताने एक नियम झाला. पाणी-सांडपाण्याचे दर वाढवायचे तर सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी टपालाने नोटीस पाठवायची. निम्म्याहून जास्त मिळकतींकडून लेखी हरकती आल्या तर वाढ करता येत नाही. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात नोटीस जाहिरातीच्या पत्रकांत मिसळते आणि थेट रद्दीत जाते. हरकत आली नाही, की वाढीचा मार्ग मोकळा. म्हणून मी चिठ्ठीत पाकिटाचा रंग लिहिला, सरासरी बिल कितीवरून किती होणार ते लिहिलं, आणि बिल स्वतः भरणाऱ्या भाडेकरूलाही हरकत घेता येते हे लिहिलं. हरकती आल्या दोनशेच्या आसपास. हव्या होत्या हजारो. दर वाढले. तरी नव्या पाइपांचा खर्च किती आणि कुठला, हे त्या सुनावणीत पहिल्यांदा लोकांसमोर आलं. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, "वाढ मला पटली. पण बिलातूनच कळली असती, तर पटली नसती."

आता तुम्ही म्हणाल, हे तिकडचं झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे मी पाहुण्यासारखा दोन मिनिटं बोलतो, ठरवतात ते पाच किंवा सात जण. आपल्या खेड्यात ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. हे तिकडच्या लोकांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशीच्या सभांना किती जण बसतात आणि त्यातल्या किती जणांना विषय आधी माहीत असतात, ते तुम्हीच जाणता. शहरांत तर ग्रामसभेसारखं काही नाहीच. प्रभाग समित्या आहेत, त्याही घटनेने सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांत. मात्र २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ आपल्या गावालाही लागू आहे. सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे संस्थेने कोणी न विचारता जाहीर करायचं आहे.

काल रात्री जेवताना याच विषयावर वाद झाला. आपल्यातले एक माजी नगरसेवक म्हणाले, "अरे, विषयपत्रिका आम्हालाच आदल्या रात्री मिळायची, तू लोकांचं काय घेऊन बसलास!" त्यावर नागरिकशास्त्राच्या बाईंनी त्यांना विचारलं, "मग तू तेव्हा सभेत उभा राहून बोललास का?" पुढचं संभाषण मी इथे सांगत नाही.

तीन महिन्यांच्या माझ्या चिठ्ठ्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. इंग्रजीत आहेत, पण आकडे आणि मांडणी कळेल. आपल्या दोन मैत्रिणी सोमवारी नगरपरिषदेत जाऊन पुढच्या सभेची विषयपत्रिका आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मागणार आहेत. मी बुधवारपर्यंत इथे आहे, त्यांच्यासोबत जाईन. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून तयार आहे, चिठ्ठ्यांच्या शेजारीच आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी चहाच्या वेळी करावी.