मातीच्या कामाला मुली हव्यात
(महिला मेळाव्यातील भाषण)



मी समाजकार्य शिकले, इंजिनिअरिंग नाही. तरी आज मातीवर बोलणार आहे. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर. पाणी मुरल्यावर माती किती भार पेलते, उतार कधी सुटतो, हे सांगणारं शास्त्र म्हणजे भू-तांत्रिक अभियांत्रिकी. आधी सिव्हिलची पदवी, मग एम.टेक. पुढे वाटा अनेक : पाया, धरणं, बोगदे, उतारांची स्थिरता, भूकंप.

आमच्या वस्तीतली एक मुलगी या वाटेने गेली. नोकरीत तिला प्रयोगशाळेतच बसवलं. "बोअरिंगला मुलगे जातील." नमुना कसा काढला ते न पाहता अहवालावर सही कशी करायची? शिवाय साइटचा अनुभव नाही म्हणून बढती नाही. कारण काय, तर तिथे संडास नाही! मग संडास बांधा ना, मुलीला का अडवता?

कायदाही असाच होता. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाची मनाई होती. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती ती २०१९ साली सैल झाली. चिनाबवरचा रेल्वेपूल २०२५ साली खुला झाला, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच. तिथल्या भेगाळलेल्या खडकाच्या उतारांवर प्रा. जी. माधवी लता यांनी १७ वर्षं काम केलं.

तेव्हा लेकीला "ऑफिसातलंच काम बघ" म्हणू नका. साइटवर नेत नसतील, तर आपण चारजणी जाऊन जाब विचारू.